स्पायरो सोडलं, निकेल ऑक्साइड धरलं. तरी सेल का मान टाकताहेत?

उन्हाची_तिरीप | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडल्यामुळे धागा काढतोय.

पेरोव्हस्काइट (प्रकाश शोषणारं काळं स्फटिकद्रव्य) सौर सेल बनवणं हे सध्या माझं रोजचं काम. सुरुवातीला सगळे करतात तेच केलं: खाली टिन ऑक्साइड, वर पेरोव्हस्काइट, त्यावर स्पायरो-ओमेटॅड हा सेंद्रिय होल-वाहक, शेवटी सोनं. पहिल्या दिवशी ज्या सेलचा आलेख मी अख्ख्या लॅबला दाखवत फिरलो, तोच सेल ६५ अंशांच्या हॉटप्लेटवर आठवडाभर ठेवल्यावर ओळखू येईना. गंमत म्हणजे फिल्म काळीच होती, पिवळी पडली नव्हती. म्हणजे पेरोव्हस्काइट धडधाकट, पण वीज गायब. "दोष वरच्या थराचा. असेंद्रिय होल-वाहक लाव, टिकेल," असं सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं.

म्हणून रचना उलटी केली. काचेवर आयटीओ (पारदर्शक वाहक थर), त्यावर निकेल ऑक्साइड, मग पेरोव्हस्काइट, त्यावर इलेक्ट्रॉनच्या बाजूचे सी-६० आणि बीसीपी, वर चांदी. उष्णतेत आता खरंच बरं चाललंय. पण दोन गोष्टी छळतात. एक तर व्होल्टेज पहिल्या दिवसापासूनच कमी येतं. दुसरं, दिव्याखाली काही दिवस गेले की करंट-व्होल्टेजच्या वक्राला मधेच बाक येतो, इंग्रजी एस अक्षरासारखा. निकेल ऑक्साइड म्हणजे दगड. ३०० अंशांवर भाजून काढलेल्या दगडाला ६५ अंशांत काय धाड भरते?

नुसताच_वाचक | सोमवार, रात्री १०:४०

विषय डोक्यावरून जातोय पण वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: 'होल' वाहून नेतात म्हणजे नेमकं काय नेतात? भोक कसं वाहून नेणार?

छिद्रान्वेषी | सोमवार, रात्री ११:२०

आयडी सार्थ करायची अशी संधी पुन्हा मिळणार नाही, म्हणून आधी वाचकरावांना उत्तर.

रांगेत पुढचा माणूस निघून गेला की मागचा एक पाऊल पुढे येतो, त्याच्या मागचा त्याच्या जागी. माणसं पुढे सरकतात, मोकळी जागा मागे सरकत जाते. ती मोकळी जागा म्हणजे होल. प्रकाश पडला की पेरोव्हस्काइटमध्ये इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या जागी होल राहतं. एका बाजूनं इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे, दुसऱ्या बाजूनं होल. होलच्या बाजूला जो थर बसवतात त्यानं होलला वाट द्यायची आणि इलेक्ट्रॉनला दारातच अडवायचं.

आता मूळ प्रश्न. तिरीप, स्पायरो का दगा देतं ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे निकेलकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळेल.

२००९ मध्ये मियासाका यांच्या गटानं पहिला पेरोव्हस्काइट सेल केला तेव्हा कार्यक्षमता होती ३.८ टक्के. होल नेण्याचं काम द्रव इलेक्ट्रोलाइट करत होता आणि पेरोव्हस्काइट त्यात विरघळून जात होतं. २०१२ मध्ये द्रव काढून घन स्पायरो आणलं तेव्हा पार्क आणि ग्रेट्झेल यांच्या कामात ९.७ टक्के आले, स्नेथ यांच्या गटानं १०.९ दाखवले. म्हणजे आज आपण ज्याला नावं ठेवतोय त्या स्पायरोनंच या क्षेत्राला उभं केलं. ते काही पेरोव्हस्काइटसाठी जन्मलेलं नाही. १९९८ पासून डाय-सेलमध्ये (रंगद्रव्यावर चालणाऱ्या सौर सेलमध्ये) नांदत होतं, तिथून उचललं.

अडचण अशी की शुद्ध स्पायरोतून होल जवळजवळ जातच नाहीत. हा हिशेब कागदावर करून बघा. थराचा रोध म्हणजे जाडी भागिले वाहकता. जाडी २०० नॅनोमीटर, वाहकता सेंटिमीटरला साधारण एक कोटीअंश सीमेन्स धरली तर रोध येतो २०० ओहम-चौरस सेंटिमीटर. सेलचा करंट दर चौरस सेंटिमीटरला २५ मिलिअँपिअर. गुणाकार: ५ व्होल्ट. सेल देणार जेमतेम १.१ व्होल्ट आणि थर एकटा ५ मागतोय! म्हणून त्यात लिथियमचं मीठ घालतात, टर्शरी-ब्युटाइलपिरिडीन घालतात, कधी कोबाल्टचं संयुग घालतात, वर हवेत ठेवून ऑक्सिडाइझ करतात. आणि मग हे पाहुणेच घर बिघडवतात. लिथियमचं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि स्वतःही भटकतं. पिरिडीन उडून जातं, मागे बारीक छिद्रं ठेवतं. ७० अंशांवर वरचं सोनं स्पायरो ओलांडून पेरोव्हस्काइटमध्ये उतरतं, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. तुमची काळी फिल्म आणि मेलेला सेल याच यादीत कुठेतरी बसतात.

तोच हिशेब निकेल ऑक्साइडसाठी: जाडी २० नॅनोमीटर, वाहकता एक दशसहस्रांश सीमेन्स. रोध ०.०२, व्होल्टेजचा तोटा अर्धा मिलिव्होल्ट. वाहकता दहापट खाली आली तरी ५ मिलिव्होल्ट. म्हणजे तुमचं व्होल्टेज थराच्या पोटात हरवत नाहीये, तर त्वचेवर. निकेल आणि पेरोव्हस्काइट जिथे एकमेकांना टेकतात तिथे.

ओम_नव्हे_ओहम | मंगळवार, सकाळी ८:०५

छिद्रान्वेषी यांना +१. हिशेब ढोबळ आहे (प्रकाशात थरात होल शिरल्यावर वाहकता तीच राहत नाही), पण निष्कर्ष बरोबर. "निकेल ऑक्साइडची वाहकता कमी, म्हणून डोपिंग करा" हे वाक्य प्रत्येक प्रस्तावनेत असतं. डोपिंगनं (किंचित परका धातू मिसळून) फायदा होतो हे खरंय. २०१५ मध्ये लिथियम आणि मॅग्नेशियम दोन्ही घातलेल्या निकेल ऑक्साइडवर १ चौरस सेंटिमीटरहून मोठा सेल केला होता, प्रमाणित १५ टक्के, आणि १००० तास प्रकाशात ठेवून ९० टक्क्यांहून जास्त टिकला. त्या काळात नखाएवढ्या सेलवर आकडे दाखवायची पद्धत होती, म्हणून ते काम मला आवडतं. पण तिथेही डोपिंगमुळे फक्त रोध कमी झाला की ऊर्जेच्या पातळ्या आणि पृष्ठभागही बदलला, हे वेगळं काढायला हवं.

हिरवी_भुकटी | मंगळवार, दुपारी १:३०

तिरीप, निकेल ऑक्साइड कसं करता ते लिहिलंच नाहीत. त्यावर सगळं आहे हो. एकाच नावाची चार वेगळी द्रव्यं आहेत ही: स्पटर केलेलं, एएलडीनं अणूंचे थर चढवलेलं, सोल-जेलनं (द्रावण लावून) भाजलेलं आणि नॅनोकणांचं.

मी नॅनोकण करते. निकेल नायट्रेटच्या हिरव्यागार द्रावणात कॉस्टिक सोडा थेंबाथेंबानं सोडायचा, पीएच १० च्या आसपास गेला की कच्च्या सफरचंदाच्या रंगाचा लगदा बसतो. तो निकेल हायड्रॉक्साइड. धुवायचा, वाळवायचा, २७० अंशांवर दोन तास भाजायचा. आत हिरवी भुकटी जाते, बाहेर काळी येते. माझी पहिली भुकटी काळी निघाली तेव्हा मला वाटलं जळली, आणि फेकून दिली! शुद्ध, काटेकोर प्रमाणातलं निकेल ऑक्साइड फिकट हिरवं असतं. काळं का? कारण जाळीत निकेलच्या काही जागा रिकाम्या राहतात, हिशेब जुळवायला शेजारचे निकेल दोनाचे तीन-धन होतात. हे तीन-धन निकेल म्हणजेच आपले होल. ते नसतील तर थर विद्युतरोधक. ते जास्त झाले तर थर प्रकाश खातो.

आणि तुमचा रोगही तिथेच आहे. पृष्ठभागावरचं तीन-धन निकेल इलेक्ट्रॉनसाठी वखवखलेलं असतं. वर ओलं पेरोव्हस्काइट पडलं की ते आयोडाइडचा इलेक्ट्रॉन ओढून आयोडीन करतं, आणि पेरोव्हस्काइटमधल्या मिथाइलअमोनियम किंवा फॉर्मामिडिनियमचा प्रोटॉनही काढून घेतं. ए-जागेचं मीठ (म्हणजे याच दोघांचं) असं खर्ची पडलं की सांध्यावर उरतं काय? लेड आयोडाइड. त्याचा पातळसा पापुद्रा होलच्या वाटेत उभा राहतो. २०२० मध्ये बॉइड आणि सहकाऱ्यांनी हे नीट उलगडून दाखवलं. पापुद्रा म्हणजे अडथळा, अडथळा म्हणजे तुमचा एस-बाक.

तेव्हा दगड बिघडत नाहीये. दगड शेजाऱ्याला खातोय.

उन्हाची_तिरीप | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

बाप रे. "दगड शेजाऱ्याला खातोय" हे लॅबच्या फळ्यावर लिहितो.

मी सोल-जेल करतो, ३०० अंश, एक तास. भाजून झाल्यावर चांगली काळपट झाक यावी म्हणून यूव्ही-ओझोनमध्येही वीस मिनिटं ठेवतो, शिवाय त्यानं द्रावण नीट पसरतं. आता कळतंय की त्या ओझोननं मी तीन-धन निकेल आणखी वाढवून ठेवत होतो. म्हणजे पायावर धोंडा स्वतःच.

उपाय काय? आणि कॉपर थायोसायनेट वापरलं तर ही भानगडच टळेल का?

गंधकी | मंगळवार, रात्री ९:४५

थायोसायनेटचं नाव निघालं म्हणून लिहायला बसले. आयडी उगाच घेतलेला नाही.

कॉपर थायोसायनेट द्रव्य म्हणून देखणं आहे: बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर म्हणून पारदर्शक, व्हॅलन्स बँड (होल ज्यातून जातात ती ऊर्जापातळी) पेरोव्हस्काइटला जुळता, भाजायची गरज नाही, कच्चा माल साधा. अडतं ते विरघळवताना. चांगलं विरघळतं डायइथाइल सल्फाइडमध्ये. बाटलीचं झाकण फ्यूम हूडमध्ये उघडा, तरी हातमोज्यांना कुजक्या लसणासारखा वास दिवसभर राहतो. मोजे हूडच्या आतच काढायला शिकले तेव्हा कुठे लोकांनी माझ्या शेजारी बसायला सुरुवात केली. वास सोडा, पण हाच द्रावक पेरोव्हस्काइटलाही चावतो. थेंब टाकून मग फिरवलं तर तेवढ्या वेळात फिल्मवर पांढुरका डाग. युक्ती अशी की आधी प्लेट पूर्ण वेगानं फिरू द्यायची आणि फिरत्या प्लेटवर द्रावण झटकन सोडायचं. द्रावक दोन-तीन सेकंदांत उडून जातो, चावायला वेळच मिळत नाही. पिपेट तिरकी धरली, हात थरथरला, की मध्यभागी भोवरा उमटतो. शंभरेक प्लेट वाया घालवल्यावर हात बसला माझा.

२०१७ मध्ये अरोरा आणि सहकाऱ्यांनी याच फिरत्या पद्धतीनं २० टक्क्यांच्या वर सेल नेले, म्हणजे स्पायरोच्या पंक्तीत. पण त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग वेगळाच. प्रकाशात, विद्युतदाबाखाली सेल ढासळत होते, आणि सगळ्यांचा संशय पेरोव्हस्काइटच्या सांध्यावर होता. निघालं काय, तर बिघाड दुसऱ्याच तोंडाला, थायोसायनेट आणि सोन्याच्या मधे. तिथे रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइडचा पातळ पडदा घातला आणि ६० अंशांवर, पूर्ण प्रकाशात, १००० तासांनंतर ९५ टक्क्यांहून जास्त शिल्लक.

तेव्हा भानगड टळत नाही, जागा बदलते. तुमच्याकडे खालच्या सांध्यावर, माझ्याकडे वरच्या.

कॉपर आयोडाइडही करून पाहिलं होतं कधीकाळी. २०१४ च्या सुमारास ६ टक्क्यांचे सेल झाले होते त्यावर, वाहकता स्पायरोपेक्षा कितीतरी चांगली, पण व्होल्टेज काही वर येईना. मी लवकरच नाद सोडला.

छिद्रान्वेषी | मंगळवार, रात्री ११:३०

गंधकीताई, प्रतिसाद नव्हे, स्वतंत्र लेख आहे हा.

थोडं मागे जाऊन. होल वाहणारी ऑक्साइडं मुळात इतकी कमी का? इलेक्ट्रॉन वाहणारी पारदर्शक ऑक्साइडं ढिगानं आहेत. कारण बहुतेक ऑक्साइडांत व्हॅलन्स बँड ऑक्सिजनच्या टू-पी (2p) इलेक्ट्रॉन-कक्षांचा असतो. खोल आणि घट्ट धरलेला. त्यात होल पडलं तरी जागचं हलत नाही. ते हलवायचं तर धातूच्या थ्री-डी (3d) कक्षा त्यात मिसळाव्या लागतात, ज्यांची पातळी ऑक्सिजनच्या जवळ आहे. निकेल आणि एक-धन तांबं तिथे बसतात. १९९७ मध्ये होसोनो यांच्या गटानं कॉपर ॲल्युमिनियम ऑक्साइडची पारदर्शक होल-वाहक फिल्म दाखवली ती याच विचारातून, आणि आज पेरोव्हस्काइटसाठी लोक कॉपर गॅलियम ऑक्साइड, कॉपर क्रोमियम ऑक्साइड वापरतात ती त्याच डेलाफोसाइट घराण्यातली. त्यांचे नॅनोकण आधीच शिजवलेले असल्यानं पेरोव्हस्काइटच्या वरही लावता येतात. तिरीप यांचं निकेल सोल-जेलचं आहे, ते फक्त खालीच चालणार. मिथाइलअमोनियमचं पेरोव्हस्काइट ८५ अंशांनाच हळूहळू सुटायला लागतं, त्याच्यावर ३०० अंशांची भट्टी कुठे लावता?

मॉलिब्डेनम ऑक्साइडही होल काढतं म्हणून कुणी सुचवेल. थेट पेरोव्हस्काइटला लावू नका. तेही आयोडाइडचं ऑक्सिडीकरण करतं. हिरवी_भुकटी यांनी सांगितलेलीच कथा, पात्र वेगळं.

खडूस_अभियंता | बुधवार, सकाळी ७:५०

सगळे रसायनशास्त्रात रमलेत. मला एकच विचारायचंय. तिरीप, दिव्याखाली ठेवलेला सेल कशाला जोडला होता?

उन्हाची_तिरीप | बुधवार, सकाळी ९:१५

कशालाच नाही. दिव्याखाली नुसता ठेवायचो, रोज सकाळी काढून मोजायचो.

खडूस_अभियंता | बुधवार, सकाळी ९:४०

वाटलंच.

कशाला जोडलेला नाही म्हणजे सेल ओपन सर्किटमध्ये. तयार झालेले सगळे इलेक्ट्रॉन-होल आतच कोंडलेले, ते आतच एकमेकांत मिटणार. पेरोव्हस्काइटला ही सगळ्यात वाईट अवस्था. कमाल शक्तीच्या बिंदूवर चालवलेल्या सेलपेक्षा तो बहुधा लवकर ढासळतो. तुम्ही नकळत कठोर चाचणी घेतलीत. वाईट नाही, पण लिहून ठेवा.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. "१००० तास स्थिर" असं मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात नायट्रोजनमध्ये, अंधारात, खोलीच्या तापमानाला. १००० तास म्हणजे ४२ दिवससुद्धा नव्हेत. २०२० मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र बसून टिकाऊपणा तपासायची आयसॉस नियमावली पेरोव्हस्काइटसाठी ठरवली: अंधार, प्रकाश, बाहेरचं ऊन, तापमानाची चक्रं, दिवस-रात्रीची चक्रं, प्रत्येकाचे वेगळे स्तर. कुठली चाचणी घेतली ते तरी सांगा. पॅनेलचं प्रमाणपत्र देणाऱ्या आयईसी ६१२१५ मध्ये ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास आहेत, उणे ४० ते अधिक ८५ अंश अशी २०० चक्रं आहेत.

आणि पाण्याचं भांडवल पुरे करा आता. दोन काचांमध्ये नीट सील केलं, कडेला ब्युटाइल रबर घातलं की पाणी बाहेर राहतं. "आमचा थर पाणी झटकतो" म्हणून थेंबाचे फोटो छापणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. सील केलेल्या सेलच्या आत उष्णता, प्रकाश आणि विद्युतदाब तिन्ही एकदम असतात, आणि आयोडाइड त्यात भटकत असतं. असेंद्रिय थराची परीक्षा तिथे आहे.

हिरवी_भुकटी | बुधवार, दुपारी २:१०

खडूसदादा नावाला जागले. थेंबाच्या फोटोंबद्दल सहमत, माझाही एक छापलेला आहे, हलके घ्या.

तिरीप, उपाय राहिले होते. तीन सांगते. पहिला फुकटचा: ओझोन बंद करा किंवा दोन-तीन मिनिटांवर आणा. दुसरा: पेरोव्हस्काइटच्या द्रावणात ए-जागेचं मीठ टक्का-दोन टक्के जास्त घाला, म्हणजे निकेलनं खाल्लं तरी तूट पडणार नाही. बॉइडच्या कामात याच उपायानं व्होल्टेज १.१५ पर्यंत चढलं होतं. तिसरा: निकेलवर एकरेण्वीय (एकाच रेणूइतक्या जाडीचा सेंद्रिय) थर द्या, टू-पॅक्झ किंवा मिथॉक्सी-टू-पॅक्झ. त्यातलं फॉस्फोनिक आम्ल ऑक्साइडच्या हायड्रॉक्सिलला घट्ट धरतं आणि कार्बाझोलचं डोकं वर राहतं. निकेल झाकलं जातं, होल मात्र जातात.

ओम_नव्हे_ओहम | बुधवार, दुपारी ३:००

म्हणजे असेंद्रिय थर टिकावा म्हणून त्यावर सेंद्रिय थर! मग निकेल ठेवायचंच कशाला? हे रेणू थेट आयटीओवरही बसतात. २०२० मधल्या सिलिकॉन-पेरोव्हस्काइट टँडेमच्या (एकावर एक दोन सेल) २९.१५ टक्क्यांमागे असाच मी-फोर-पॅक्झचा थर होता.

हिरवी_भुकटी | बुधवार, दुपारी ३:२५

थेट आयटीओवर लावून पाहा आणि दहा प्लेटा मोजून सांगा, मग बोलू. आयटीओचा पृष्ठभाग गावगन्ना. कुठे रेणू दाट, कुठे उघडंबोडकं. उघड्या जागी पेरोव्हस्काइट थेट आयटीओला टेकलं की गळती. खाली निकेल असेल तर रेणू सारखे बसतात, आणि बसले नाहीत तिथेही निदान होल-वाहक थर आहेच. एका चौरस सेंटिमीटरच्या पुढे गेलात की हा आधार हवाच.

शुद्ध असेंद्रियाचा हट्ट मला तरी नाही. माझा प्रश्न एवढाच: पेरोव्हस्काइटला टेकतंय कोण, आणि ते आयोडाइडला त्रास देतंय का?

उन्हाची_तिरीप | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:००

उशिरा येतोय, दिव्याखालून सेल काढायचे होते म्हणून. या वेळी सेल भाराला जोडून कमाल शक्तीवर ठेवले (खडूसदादा, नोंद घ्या).

फक्त ओझोन कमी केलेल्या संचात पहिल्या दिवसाचं व्होल्टेज थोडं वर आलं, पण बाक आलाच, आधीपेक्षा उशिरा. मीठ जास्त घातलेल्या संचात व्होल्टेज स्पष्ट वाढलं. उत्साहाच्या भरात मी एका संचात ५ टक्के घातलं, तर त्या फिल्मा पहिल्याच दिवशी ढिसाळ निघाल्या, भरणा (फिल फॅक्टर, म्हणजे वक्र किती चौकोनी ते) घटला. दीड टक्क्यावाल्या अजून चालल्यात.

रेण्वीय थराचं प्रकरण मात्र रंगलं. मी हावरेपणानं सरळ मी-फोर-पॅक्झ घेतलं. पेरोव्हस्काइटचं द्रावण त्यावर टाकलं तर कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसलं. प्लेट फिरवली तर एका कोपऱ्यातून उडून झाकणावर. पूर्ण दुपार झाकण पुसत होतो. मग मिथॉक्सी-टू-पॅक्झ मिसळून लावलं, तेव्हा कुठे द्रावण पसरलं. त्या संचाला अजून बाक नाही. तीन आठवडे म्हणजे ५०० तास, जास्त बोलत नाही.

एक शंका राहिलीय. मिसळलेल्या संचातल्या दोन सेलांच्या चांदीच्या कडेला पिवळसर झालर दिसतेय, मधला भाग चकचकीत. वक्र ठीक आहे. ही काय भानगड?

खडूस_अभियंता | रविवार, रात्री १०:२०

नोंद घेतली. झालर म्हणजे बहुतेक सिल्व्हर आयोडाइड. आयोडीन वाफेनं कडेकडेनं चांदीपर्यंत पोचतंय. तुमचा खालचा सांधा सुधारला, आता वरचा बोलायला लागला. बीसीपीच्या जागी एएलडीचं टिन ऑक्साइड टाका.

गंधकी | रविवार, रात्री १०:३५

म्हटलं नव्हतं, भानगड जागा बदलते?

कडेचा फोटो टाका. झालर सेलच्या कडेनं आहे की काच जिथे कापली त्या बाजूनं, त्यावरून बरंच कळेल.

उन्हाची_तिरीप | रविवार, रात्री १०:५०

कापलेल्या बाजूनं आहे. उद्या सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो टाकतो.